आजोळचं रक्त

आमच्या आत्याचं कुंकू जुन्या रुपयाएवढं असायचं. आधी मेणाचं बोट, मग करंड्यातली पिंजर, मग पदराच्या टोकानं कड पुसून गोल नीट करायचा. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात त्या कुंकवाबद्दल कुणी तोंडावर बोलत नसे. पण संक्रांतीला वाण द्यायची वेळ आली की बायका तिच्यासमोर क्षणभर थबकायच्या, एवढं मला लहानपणीही कळायचं. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, १९६८ च्या शिमग्याला मुंबईहून गावी यायला निघाले आणि पोहोचलेच नाहीत. गिरणीत बदलीवर होते. गाळ्यातल्या सोबत्यांनी त्यांना पिशवी घेऊन जिना उतरताना पाहिलं, ते शेवटचं. मी त्यांना फोटोतसुद्धा पाहिलेलं नाही. लग्नात फोटो काढलाच नव्हता.

आजोबांनी मुंबईला खेटे घातले. इस्पितळं झाली, चौक्या झाल्या. एका चौकीत आत्याला विचारलं गेलं, "घरात भांडण झालं होतं का?" हा प्रश्न ती म्हातारपणीही सांगायची, आणि सांगताना तिचा आवाज चढायचा. नवरा गेला तो तुझ्यामुळेच, असं कुणीतरी सुचवलं, याचा घाव तिला खोल बसला होता.

बारा वर्षं झाली तशी भावकीनं विषय काढला. बारा वर्षं माणसाचा पत्ता नसेल तर पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी देतात. मग दहावं-तेरावं होतं, आणि सातबाऱ्यावर वारसाचं नाव चढवायची वाट मोकळी होते. कायद्याचंही असंच काहीसं आहे. सात वर्षं कुणाला काही खबर नसेल तर माणूस मेला असं धरून चालता येतं. सगळे जाणते ओसरीवर बसले होते. आत्या दाराआडून म्हणाली, "ज्याला न्यायचा त्यानं नेला असंल. मी माझ्या हातानं न्हाय मारायची त्याला."

जमीन तशीच राहिली. कुंकूही.

मी पुण्यात स्पॅनिश शिकवते. 'देसापारेसेर' हे क्रियापद विद्यार्थ्यांना लवकरच भेटतं. अर्थ सोपा, दिसेनासं होणं. ढगाआड चंद्र दिसेनासा होतो, टेबलावरची किल्ली दिसेनाशी होते. अकर्मक क्रियापद; जो दिसेनासा होतो तोच कर्ता. आर्जेन्टिनात १९७६ नंतर लोकांनी ते सकर्मक करून टाकलं. व्याकरणाच्या पुस्तकांना विचारत बसण्याची ती वेळ नव्हती. मुलगा दिसेनासा झाला असं आईला म्हणायचंच नव्हतं, कारण तसं झालेलं नव्हतं. त्याला कुणीतरी नाहीसं केलं होतं. मराठीत हे चटकन समजतं, 'झाला' आणि 'केला' यांतला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. हे शिकवताना पहिल्यांदा मला वर्गातच आत्या आठवली. आमचे मामा नाहीसे झाले होते. निदान आम्हाला ठाऊक आहे तेवढं तरी तसंच आहे.

२४ मार्च १९७६ ला तिथे लष्करानं सत्ता घेतली. मग रात्री-अपरात्री नंबरप्लेट नसलेल्या फोर्ड फाल्कन गाड्या दारात येऊ लागल्या. विद्यार्थी, कामगार संघटनेची माणसं, शिक्षक, वकील, वस्तीत काम करणारे पाद्री, कुणाच्या तरी वहीत ज्यांचं नाव सापडलं ते. सकाळी आई पोलीस ठाण्यात गेली की उत्तर एकच: असा कुणी आमच्याकडे नाही. छावणीत गेली तरी तेच, मंत्रालयात तेच. न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे पकडलेल्या माणसाला समोर हजर करा असा, अर्ज केला तर सरकार म्हणायचं, आम्ही याला पकडलेलंच नाही, आणि अर्ज फेटाळला जायचा.

यामागचा हिशेब मला बरेच दिवस कळत नव्हता. मारायचंच होतं तर लपवायचं कशाला? वाचत गेले तसं लक्षात आलं. माणूस तुरुंगात टाकला तर वकील उभा राहतो. माणूस मारला तर अंत्ययात्रा निघते, आणि अंत्ययात्रेत माणसं एकत्र येतात. पण माणूस नाहीसा केला तर घरचे लोक स्वतःच गप्प बसतात. आपण ओरडलो तर आत त्याचे हाल होतील, या भीतीनं शेजाऱ्याशीही बोलत नाहीत. आईचं तोंड बंद करायला तिचं लेकरूच वापरायचं. इतकी थंड डोक्याची क्रूरता मी दुसरीकडे क्वचितच वाचली आहे.

डिसेंबर १९७९ मध्ये एका पत्रकारानं लष्करशहा विदेला यांना पत्रकार परिषदेत या लोकांबद्दल विचारलं. विदेला हातवारे करत, एखादी संकल्पना समजावून सांगावी तसे बोलले: तो एक अज्ञात घटक आहे, त्याला अस्तित्व नाही, तो मेलेलाही नाही आणि जिवंतही नाही, तो नाहीसा झालेला आहे. ही चित्रफीत आजही पाहायला मिळते. मी ती वर्गात दाखवत नाही. मला ती दाखवून नंतर क्रियापदांकडे वळता येत नाही.

किती माणसं? लेखक एर्नेस्तो साबातो यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगानं १९८४ मध्ये अहवाल दिला, त्यात जवळजवळ ९,००० माणसांच्या नावांची नोंद आहे आणि सुमारे ३४० गुप्त छळछावण्यांची. मानवी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटना ३०,००० म्हणतात. या दोन आकड्यांवरून तिथे अजून भांडणं होतात. पण सत्ता सोडण्याआधी लष्करानं कागदपत्रं नष्ट करण्याचा हुकूम काढला होता, हे विसरून कसं चालेल? ज्यांच्या हातात वही होती त्यांनीच ती जाळली, आणि आता हिशेब आयांनी द्यावा अशी अपेक्षा.

त्या आयांविषयी सांगायचं म्हणूनच खरं तर मी लिहायला बसले.

आसुसेना विलाफ्लोर. एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होती, लग्नानंतर घर सांभाळत होती. नोव्हेंबर १९७६ मध्ये तिचा मुलगा आणि त्याची होणारी बायको नाहीसे केले गेले. ठाणी, छावण्या, चर्चच्या कचेऱ्या करताना तिला त्याच त्याच बायका भेटू लागल्या. वेगवेगळ्या बाकांवर बसून आपण काही मिळवणार नाही, चला राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोर प्लासा दे मायोत जाऊ, असं तिनं सुचवलं. ३० एप्रिल १९७७ ला तिथे १४ बायका जमल्या. शनिवार होता, चौक ओस. पुढे त्यांनी गुरुवार धरला, दुपारी साडेतीनची वेळ.

तेव्हा जमावबंदी होती. पोलीस म्हणाले, घोळका करून उभं राहायचं नाही, चालत राहा. त्या चालू लागल्या. दोघी-दोघी, हातात हात घालून, चौकातल्या स्तंभाभोवती. दडपशाहीनं दिलेला हुकूम त्यांनी अक्षरशः पाळला, आणि तो पाळणं हेच त्यांचं आंदोलन झालं. ऑक्टोबरमध्ये लुहानच्या यात्रेत लाखोंच्या गर्दीत एकमेकींना ओळखता यावं म्हणून त्यांनी डोक्याला पांढरं कापड बांधलं. लेकरांच्या तान्हेपणीचा कापडी लंगोट. घरोघरच्या आयांनी तो जपून ठेवलेला असतोच. आमच्या आत्यानंही आधीपासून शिवून ठेवला होता, पण तिला मूल झालं नाही. तिनं शिवून ठेवलेली दुपटी पुढे माझ्यासाठी वापरली गेली.

डिसेंबर १९७७ मध्ये या आयांनी वर्तमानपत्रात नावांची जाहिरात द्यायचं ठरवलं. पै-पै गोळा केली. त्यांच्यात एक देखणा तरुण यायचा, आपला भाऊ नाहीसा झाला आहे असं सांगायचा. आसुसेनानं त्याला लेकरासारखं जवळ केलं होतं. तो नौदलाचा अधिकारी होता, आल्फ्रेदो आस्तिस. ८ डिसेंबरला सांताक्रूझ चर्चमधून बाहेर पडताना त्यांच्यातल्या काहींना उचललं. त्यांत एस्तेर बालेस्त्रिनो होती. तिची सोळा वर्षांची गरोदर मुलगी पकडली गेली होती आणि सुटूनही आली होती. बाकीच्या म्हणाल्या, तुझी लेक मिळाली, आता तू घरी बस. एस्तेर बसली नाही. सगळ्यांची सापडेपर्यंत येणार, म्हणाली. ही एस्तेर रसायनशास्त्रज्ञ होती, आणि तिच्या हाताखाली प्रयोगशाळेत काम केलेला एक मुलगा पुढे पोप फ्रान्सिस झाला.

१० डिसेंबरला जाहिरात छापून आली. जगभर मानवी हक्क दिन असतो तो दिवस. आसुसेना सकाळी पेपर आणायला बाहेर पडली आणि कोपऱ्यावरूनच तिला नेलं.

त्यांना नौदलाच्या यांत्रिक प्रशिक्षण शाळेत ठेवलं, मग गुंगीचं इंजेक्शन देऊन विमानातून जिवंत समुद्रात फेकलं. काही आठवड्यांत दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर प्रेतं लागली. तिथल्या लोकांनी ती जनराल लाव्हाये गावच्या दफनभूमीत पुरली आणि नोंदवहीत लिहिलं: एन. एन. म्हणजे नाव नाही. समुद्राला हुकूम पाळता आला नाही, असं मला हे वाचताना प्रत्येक वेळी वाटतं. २००५ मध्ये हाडांवरून ओळख पटली. आसुसेनाची रक्षा त्याच चौकात, त्याच स्तंभाच्या पायथ्याशी पुरली आहे. आस्तिसला २०११ मध्ये जन्मठेप झाली.

हाडांची ओळख पटवणारी माणसं कोण होती? १९८४ मध्ये क्लाइड स्नो नावाचे अमेरिकी न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञ तिथे आले. हाडं वाचणारे. स्थानिक तज्ज्ञ घाबरलेले, लष्कर जाऊन वर्षही झालं नव्हतं. शेवटी विद्यार्थी तयार झाले, पुरातत्त्वाचे, मानवशास्त्राचे, एक वैद्यकीचा. स्नो त्यांना सांगत, काम दिवसा करायचं, रडायचं ते रात्री. त्या पोरांनी जे पथक उभं केलं ते पुढे देशोदेशी गेलं. एल साल्वादोरमध्ये एल मोसोते गावच्या हत्याकांडातल्या लेकरांची हाडं त्यांनीच वेचली. २०१७ मध्ये फॉकलंड युद्धातल्या आर्जेन्टिनी सैनिकांच्या थडग्यांवरही काम केलं. त्या दगडांवर 'फक्त देवाला ठाऊक असलेला सैनिक' असं कोरलेलं होतं. आता बहुतेकांवर नावं आहेत.

इथपर्यंत मला सगळं सरळ वाटत होतं. मग वाचनात आलं, की आयांमधल्याच एका मोठ्या गटानं ही खोदाई नाकारली. एबे दे बोनाफिनी त्यांची पुढारी. तिचे दोन्ही मुलगे गेलेले. त्यांनी हाडं घ्यायला नकार दिला, नुकसानभरपाईचे पैसे नाकारले. आमची मुलं जिवंत नेली, जिवंत परत द्या. १९८६ मध्ये संघटना याच आणि इतर मतभेदांवरून फुटली. मला पहिल्यांदा हा हट्ट वाटला, थोडा राग आला. मुलं परत येणार नाहीत हे त्यांना कळत नव्हतं का?

कळत होतं. १९७९ मध्ये लष्करी सरकारनं एक कायदा केला होता. नाहीशा झालेल्या माणसाला मृत घोषित करायची सोय. अर्ज नातेवाइकांनी करावा, नाहीतर सरकारच करेल. म्हणजे आईनं सही करायची की माझा मुलगा मेला. कुणी मारला, कुठे, कसा, हे विचारायचं नाही. खून सरकारनं करायचा आणि मृत्यूचा दाखला आईनं मागायचा. त्या आयांनी सही केली नाही.

ओसरीवरची आत्या मला त्या दिवशी पुन्हा ऐकू आली. मी माझ्या हातानं नाही मारायची. आम्ही सगळ्यांनी त्याला वेडी माया म्हटलं होतं. तिच्या समोर कुणी गुन्हेगार नव्हता, मुंबई होती, एसटी होती, नशीब होतं. तरीसुद्धा ज्याची खात्री कुणीच देऊ शकत नव्हतं ते तिच्या तोंडून वदवून घ्यायला सगळे टपले होते, आणि तिनं ते ओळखलं होतं.

लोकशाही आल्यावर आर्जेन्टिनात एक गोष्ट झाली, जिच्याबद्दल फार थोडं बोललं जातं. १९९४ मध्ये कायद्यात तिसरा रकाना आला. जिवंत नाही, मृत नाही, तर 'बळजबरीनं नाहीसं केल्यामुळे गैरहजर'. हा दाखला मिळाला की बायकोला घर विकता येतं, मुलांना वारसा मिळतो, नोंदी बदलतात, आणि कुणालाही 'मेला' असं लिहून द्यावं लागत नाही. विदेलांचेच शब्द, ना मेलेला ना जिवंत. पण त्यांनी ते माणूस पुसायला वापरले आणि संसदेनं गुन्हा कबूल करायला. माणसाची प्रतिष्ठा म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी व्याख्या सांगत बसणार नाही. हा रकाना दाखवेन.

२०१५ च्या नोव्हेंबरमध्ये मी तिथे होते. जाकारांदाची जांभळी फुलं चौकात पडलेली, फरशीवर पांढऱ्या रुमालांची चित्रं रंगवलेली. दोन्ही गट त्याच चौकात, त्याच वेळी, अंतर ठेवून फिरत होते. काही जणी चाकाच्या खुर्चीत. एकेक नाव पुकारलं जाई आणि जमाव म्हणे, "प्रेसेन्ते." हजर. शाळेत हजेरी घेतात तसं. मी कुणाशीच बोलले नाही. माझं स्पॅनिश चांगलं आहे, पण तेव्हा आलंच नाही.

भारतात हा विषय काढला की लोक म्हणतात, तिकडची हुकूमशाही, आपल्याला काय त्याचं. आर्जेन्टिनात सत्तापालट झाला तेव्हा आपल्याकडे आणीबाणी होती. त्याच वर्षी २८ एप्रिलला आपल्या सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं ठरवलं, की आणीबाणीत बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज करता येणार नाही. न्यायमूर्ती खन्ना एकटे विरोधात होते. आणि त्याआधी १ मार्चला कालिकतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून राजन नावाच्या विद्यार्थ्याला पोलिसांनी नेलं होतं. त्याचे वडील, प्राध्यापक ईच्चर वारियर, वर्षभर त्या सगळ्या कचेऱ्यांत फिरले. उत्तर तेच. आणीबाणी उठल्यावर १९७७ मध्ये त्यांनी केरळ उच्च न्यायालयात अर्ज केला. सरकार आधी म्हणालं, आम्ही त्याला पकडलंच नव्हतं. ते खोटं ठरलं, मुख्यमंत्री करुणाकरन यांना पायउतार व्हावं लागलं. राजनचा देह मात्र कधीच मिळाला नाही. वारियर २००६ मध्ये वारले.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी बळजबरीनं नाहीसं करण्याविरुद्धचा करार स्वीकारला. या आयांच्या पायपिटीचं ते फळ. पहिल्याच कलमात म्हटलंय, की युद्ध असो, अंतर्गत अशांतता असो वा आणीबाणी, कोणतंही कारण चालणार नाही. पुढे नातेवाइकांना सत्य कळण्याचा हक्क दिलाय, आणि नाहीशा माणसाच्या घरच्यांच्या मालमत्तेची, कौटुंबिक हक्कांची सोय लावायलाही सांगितलंय. भारतानं ६ फेब्रुवारी २००७ ला त्यावर सही केली. सहीला अनुमोदन अजून दिलेलं नाही. मला याची लाज वाटते, आणि ती मी लपवणार नाही.

आत्या गेली तेव्हा अंगणात बायकांची कुजबुज झाली. हिला हिरवं नेसवायचं की पांढरं? सवाष्ण की विधवा? तिरडी बांधून तयार, आणि निर्णय होईना. माझी आई आत गेली, आत्याची पत्र्याची ट्रंक उघडली. सगळ्यात वर, घडी न मोडलेलं हिरवं लुगडं होतं. आईनं कुणाला विचारलं नाही.

आयांबरोबर तिथे आज्याही होत्या, त्यांचं राहिलंच. पकडलेल्यांतल्या काही मुली गरोदर असत; बाळंत झाल्यावर आईला मारत आणि बाळ दुसऱ्याच घरी देत. कितीदा तर लष्करातल्याच कुणाच्या तरी. अशी सुमारे ५०० बाळं असावीत असा आज्यांचा अंदाज आहे. आई नाही, बाप नाही, मग मूल कुणाचं हे ठरवायचं कशावरून? या बायका, ज्यांच्यातल्या अनेकींचा जन्म चुलीपाशी गेला होता, शास्त्रज्ञांच्या दारोदार एकच प्रश्न घेऊन फिरल्या: नातवाचं रक्त आजीच्या रक्तावरून ओळखता येईल का? अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी मायटोकॉन्ड्रियल डीएनएचा मार्ग काढला. हा डीएनए फक्त आईकडून येतो; आईला तिच्या आईकडून. बाकी सगळं पुसलं तरी आजोळ पुसता येत नाही. विज्ञानातली ही गोष्ट मला मराठीत पहिल्यांदा नीट समजली, कारण आपल्याकडे त्यासाठी आधीपासून शब्द आहे.

या आज्यांपैकीच एक, एस्तेला दे कार्लोत्तो. त्यांची लेक लाउरा पोटुशी असताना नेली. बाळाचं नाव गिदो ठेवायचं तिनं ठरवलं होतं. ऑगस्ट २०१४ मध्ये ओलाव्हार्रियातला एक संगीतकार आपल्या जन्माबद्दल शंका येऊन स्वतःहून रक्त देऊन गेला. तो गिदो निघाला. छत्तीस वर्षांचा. २०२५ च्या जुलैपर्यंत अशी १४० नातवंडं सापडली आहेत.

बाकीची आता पन्नाशीला टेकलेली असतील. कुणी शेती करत असेल, कुणी शाळेत शिकवत असेल, कुणाला स्वतःची नातवंडं झाली असतील. आज्या बहुतेक गेल्या. पण १९८७ मध्ये कायदा करून त्यांनी रक्ताची बँक उभी करून घेतली होती. तेव्हा हिशेब केला होता, की ही मुलं साधारण किती जगतील, त्यांना शंका यायला किती वर्षं लागतील, तोवर आपण असू की नसू. त्या हिशेबानं ती बँक निदान २०५० पर्यंत उघडी राहायची आहे. आज्यांचं रक्त तिथे नावासकट ठेवलेलं आहे.